विश्वाच्या मोजणीत दोन आकडे: 67 खरा की 73? (एका निवृत्त भूकरमापकाचा प्रश्न)

सोळा_आणे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी भूमी अभिलेख खात्यात 33 वर्षं भूकरमापक होतो. आमची शंकू साखळीही 33 फुटांचीच, त्यामुळे निरोप समारंभात सगळ्यांनी तोच विनोद केला. मुक्काम संगमनेर. खगोलशास्त्राशी संबंध एवढाच की शिवारात मुक्काम पडला की आभाळ दिसायचं. नातू अकरावीत आहे. त्याच्या मोबाइलवर विश्वाच्या प्रसरणावरचं एक व्याख्यान दोघांनी मिळून ऐकलं. तो ऐकून झोपला, मी जागा राहिलो.

व्याख्यानात सांगितलं की विश्व किती वेगानं पसरतंय हे दोन पद्धतींनी मोजलं. एका पद्धतीनं उत्तर आलं 67.4, दुसऱ्या पद्धतीनं 73. एकक असं की दर मेगापार्सेकमागे (32 लाख 60 हजार प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला इतके किलोमीटर. फरक शेकडा आठच्या वर. ऐकायला किरकोळ वाटतो, पण एकराला लावून बघा, सव्वातीन गुंठे होतात. सव्वातीन गुंठ्यांसाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिलेत.

आमच्याकडे दोन मोजण्यांत फरक निघाला की आधी साखळी तपासायची, मग खुणेचा दगड, मग टिपण (मूळ मोजणीची कागदावरची नोंद). विश्वाच्या बाबतीत हे झालंय का? कुणाच्या साखळीची कडी ताणली गेलीय?

दुसरं असं, की वक्ते म्हणाले प्रसरण वाढत्या वेगानं चाललंय आणि त्यामागे डार्क एनर्जी नावाची अदृश्य ऊर्जा आहे. पाचच मिनिटांनी म्हणाले की हबलचा आकडा (हाच तो 67-73 वाला) काळाबरोबर कमी होत जातो. वेग वाढतोय तर आकडा कमी कसा? नातू म्हणाला, "आजोबा, ते तसंच असतं." तसंच असतं हे उत्तर मी पक्षकारांना देत असे, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे.

---

ध्रुवबाळ

काका, विश्व पसरतंय म्हणतात, पण आमच्या फ्लॅटचा कार्पेट एरिया काही वाढेना. बिल्डरकडे डार्क एनर्जी कमी पडली असावी.

हलकेच घ्या. प्रश्न भारी आहे, वाचतोय.

---

मघा

काका, दंडवत. याच विषयातली पीएचडी अर्धवट सोडून मी सॉफ्टवेअरमध्ये आले, त्यामुळे उत्तर देताना थोडी जुनी खुमखुमी दिसेल.

आधी ध्रुवबाळच्या फ्लॅटचं. हबलच्या आकड्याचा हिशेब केला तर 150 किलोमीटरमागे वर्षाला मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढं प्रसरण येतं. पण पुणे-मुंबई अंतर तेवढंही वाढत नाही. खडक, रस्ते, सूर्यमाला, आपली आकाशगंगा ही सगळी आपापल्या बलांनी बांधलेली आहेत. शेजारची देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा मोठा समूह) तर उलट आपल्याकडेच येतेय. प्रसरण दिसतं ते दीर्घिकांच्या समूहांमधल्या रिकाम्या जागेत.

आता साखळी. 73 वाल्यांचं काम तुमच्यासारखंच आहे, जागेवर जाऊन मोजायचं. जानेवारीत एक तारा बघायचा, जुलैत तोच पुन्हा बघायचा. मधल्या काळात पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेली असते, म्हणजे तुमच्या त्रिकोणाचा पाया 30 कोटी किलोमीटरचा झाला. त्यातून जवळच्या ताऱ्यांची अंतरं कळतात. त्यांत सेफीड नावाचे तारे असतात, ठरावीक काळानं उजळतात आणि मंदावतात. हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी 1912 साली दाखवून दिलं की ज्याचा फेरा लांब तो तारा मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे फेरा मोजला की खरं तेज कळलं, आणि खरं तेज कळलं की तो किती मंद दिसतो यावरून अंतर निघालं. ही दुसरी साखळी. सेफीड दिसतील एवढ्या जवळच्या दीर्घिकेत टाइप वन-ए सुपरनोव्हा फुटला की त्याचं तेज सेफीडवरून ठरवायचं. ही तिसरी. हे सुपरनोव्हा म्हणजे श्वेतबटू ताऱ्यांचे स्फोट. सगळ्यांचं तेज जवळपास सारखं असतं आणि उरलेला फरक सुधारून घेता येतो. मग त्यांच्या जोरावर पार लांबपर्यंत जाता येतं.

अ‍ॅडम रीस यांच्या गटानं 2022 मध्ये अशा 37 दीर्घिकांमधले 42 सुपरनोव्हा घेऊन 73.04 हा आकडा दिला, एक-सव्वा इकडेतिकडे.

67.4 वाले मात्र शेतात गेलेच नाहीत! ते टिपण घेऊन बसलेत. महास्फोटानंतर साधारण 3 लाख 80 हजार वर्षांनी जो प्रकाश मोकळा झाला तो आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. प्लँक उपग्रहानं त्याचा नकाशा काढला. त्यात तेव्हाच्या तप्त वायूतल्या ध्वनिलहरींचे ठसे आहेत. त्या लहरी तोवर किती लांब गेल्या असतील ते भौतिकशास्त्रानं काढता येतं, आणि आज तो ठसा आकाशात किती अंशाचा दिसतो ते मोजता येतं. या दोहोंवरून, मधल्या 1380 कोटी वर्षांत विश्व अमुक नियमांनी वाढलं असं धरून, आजचा वेग काढतात. धरून हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

साखळी तपासली का? तर तपासली. मोठी शंका अशी होती की लांबच्या दीर्घिकेत सेफीडच्या शेजारचे तारे त्याच्या उजेडात मिसळत असतील आणि तो उगाच तेजस्वी वाटत असेल. जेम्स वेब दुर्बिणीची नजर हबल दुर्बिणीपेक्षा तीक्ष्ण. तिनं तेच सेफीड पुन्हा पाहिले आणि हबलची मोजणी बरोबर निघाली. पण वेंडी फ्रीडमन यांचा दुसरा गट सेफीडबरोबर लाल राक्षसी ताऱ्यांची आणि कार्बन ताऱ्यांचीही साखळी वापरतो. वेबवरूनच त्यांचं उत्तर 70 च्या आसपास येतं. म्हणजे शेतात गेलेल्यांतही पुरतं एकमत नाही.

---

सोळा_आणे

मघाताई, टिपण आणि जागा असं सांगितलंत ते थेट पोचलं. आता माझा एक किस्सा, अवांतर वाटेल पण नाही.

सत्त्याऐंशी साली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, अकोले तालुक्यात एका गावी दोन चुलत भावांची हद्द कायम करायला गेलो. गावाचं नाव नको, अजून नांदतात तिथे. उत्तरेच्या दगडापासून मोजत आलो तर एकाला चार गुंठे कमी पडत. दक्षिणेच्या दगडापासून मोजलं तर टिपणाशी तंतोतंत जमायचं. साहेब म्हणाले, उत्तरेचा दगड कुणीतरी सरकवलाय, तेवढं लिही आणि मोकळा हो. मीही तेच समजत होतो. सकाळी साखळी कचेरीच्या ओट्यावरच्या 33 फुटांच्या खुणेवर ताणून पाहिलेली, त्यामुळे तिच्यावर संशय नव्हता. दोन्ही बाजूंनी फिरून तीन दिवस मोजत बसलो. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "रावसाहेब, वढा पूर्वी चिंचेपल्याडून जायचा." टिपण काढलं तेव्हा ओढा जिथे होता तिथून तो पुढे सरकला होता. दगड जागचा हलला नव्हता आणि टिपणही खोटं नव्हतं. टिपण आणि आम्ही यांच्या मधल्या काळात जमीनच बदलली होती, आणि ती बदलत नाही हे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

म्हणून विचारतो, तुमच्या त्या "धरून" मध्ये ओढा कुठे आहे?

एक कबुलीही देतो. माझा कल जागेवर मोजणाऱ्याकडेच जाणार. पण 33 वर्षांत जागा आणि कागद यांत तफावत निघाली तेव्हा चारातल्या तीन वेळा चूक आमच्या वाचण्यात होती.

---

जुना_नारायणगावकर

सोळा आणे साहेब, साखळीची कडी ताणली जाणं या विषयाला नवं नाही. एडविन हबलनं 1929 मध्ये काढलेला आकडा 500 च्या घरात होता. त्या हिशेबानं विश्वाचं वय येत होतं सुमारे 200 कोटी वर्षं, आणि खडकांवरून पृथ्वीचं वय त्याहून जास्त निघत होतं. लेक बापापेक्षा थोरला! घोळ सापडला तो वॉल्टर बाडे यांना. महायुद्धात लॉस एंजेलिसला दिवे बंद ठेवायचे, त्या अंधाराचा फायदा घेऊन त्यांनी माउंट विल्सनवरून देवयानीतले तारे सुटे करून पाहिले. 1952 साली त्यांनी जाहीर केलं की सेफीड दोन जातींचे आहेत आणि हबलनं एकाचं माप दुसऱ्याला लावलं होतं. एका फटक्यात विश्व दुप्पट मोठं झालं.

पुढे कित्येक वर्षं सँडेज म्हणायचे 50, द वोकुलर म्हणायचे 100. दोघेही आपला आकडा सोडायला तयार नव्हते. 2001 मध्ये हबल दुर्बिणीच्या प्रकल्पातून 72 आला, आठ इकडेतिकडे, आणि मंडळींनी सुटकेचा श्वास टाकला. आता भांडण 67 आणि 73 चं आहे. म्हणजे बांध बराच जवळ आलाय म्हणायचा.

प्रवेगावरून आठवलं. 1998 साली पर्लमटर यांच्या गटाला, आणि श्मिट-रीस यांच्या गटाला, लांबचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसले, त्यावरून प्रवेग मानला गेला आणि 2011 चं नोबेल तिघांना मिळालं. तोवर बहुतेक सगळे प्रसरण मंदावतं किती ते शोधत होते. पण प्रवेगाचं भाकीत एका सिद्धान्तात आधीपासून होतं, बॉन्डी, गोल्ड आणि हॉयल यांच्या 1948 च्या स्थिर स्थिती सिद्धान्तात. त्यात हबलचा आकडा कायम एकच राहतो, म्हणजे दुप्पट लांब गेलेली दीर्घिका दुप्पट वेगानं पळणारच. आपले जयंत नारळीकर हॉयल यांचे विद्यार्थी आणि याच वाटेचे. गंमत अशी की प्रवेगाचा पुरावा म्हणून जे दिसलं, ते त्यांनी प्रवेग म्हणून घेतलं नाही. दीर्घिकांमधल्या जागेत लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंची धूळ असेल, तिच्यामुळे सुपरनोव्हा मंद दिसत असतील, अशी मांडणी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केली. ती टिकली नाही, कारण सूक्ष्मलहरींचा बारीक नकाशा त्या चौकटीत नीट बसत नाही. 20 मे 2025 ला ते गेले. मला मात्र त्यांचा आडमुठेपणा आवडायचा. सगळी पंगत एका बाजूला बसलेली असताना समोर एक पाट मांडून बसणारा माणूस हवा.

---

मघा

नारायणगावकर, पाटाबद्दल +1. धुळीबद्दल अर्थातच नाही.

तुमच्या प्रतिसादातच काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलंय, मी आकड्यांनी पुरं करते. एकच दीर्घिका धरा. आज ती 1 मेगापार्सेकवर आहे आणि सेकंदाला 70 किलोमीटरनं लांब चाललीय. (70 सोयीसाठी घेतला, भांडू नका.) हबलचा आकडा म्हणजे वेग भागिले अंतर, म्हणून 70. ती 2 मेगापार्सेकवर पोचेल तेव्हा तिचा वेग साधारण 120 असेल. वेग 70 वरून 120 झाला, तो प्रवेग. पण 120 भागिले 2 म्हणजे 60, आकडा उतरला. वेग वाढला, अंतर त्याहून जास्त वाढलं. दूरच्या भविष्यात हा आकडा 58 च्या आसपास येऊन थांबेल, म्हणजे डार्क एनर्जी आहे तशीच राहिली तर.

मागे जाऊन बघा. तीच दीर्घिका 0.6 मेगापार्सेकवर होती तेव्हा तिचा वेग 61 पर्यंत उतरला होता. त्याआधी तो जास्त होता, द्रव्याचं गुरुत्वाकर्षण त्याला लगाम घालत आलं होतं. सुमारे 600 कोटी वर्षांपूर्वी लगाम सैल पडला, कारण जागा वाढली की द्रव्य विरळ होतं, डार्क एनर्जी होत नाही. निदान तसं धरलेलं आहे.

आणि काका, तुमचा ओढा नेमका इथेच असायची शक्यता आहे.

डार्क एनर्जी दर घनमीटरला किती? साडेतीन-चार हायड्रोजन अणूंच्या वस्तुमानाइतकी. अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानात मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढी. पण रिकामी जागा एवढी अफाट आहे की सगळी बेरीज केली तर विश्वातल्या ऊर्जेचा सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा तिचाच. आइन्स्टाइननं 1917 मध्ये समीकरणात एक स्थिरांक घातला होता. डार्क एनर्जी म्हणजे तोच, तो कधी बदलत नाही, हे प्लँकच्या हिशेबात गृहीत आहे.

आता अ‍ॅरिझोनात किट पीकवर मेयॉल दुर्बिणीला डेसी नावाचं उपकरण बसवलंय. 5000 प्रकाशतंतू, प्रत्येकाला छोटा रोबो, एका वेळी 5000 दीर्घिकांचे वर्णपट. ज्या ध्वनिलहरींचं मघाशी बोलले, त्यांचाच ठसा दीर्घिकांच्या मांडणीतही राहिलाय. एकमेकींपासून सुमारे 48 कोटी प्रकाशवर्षांवर त्या किंचित जास्त संख्येनं सापडतात. डेसी तीच लांबी वेगवेगळ्या काळांत मोजतं. मार्च 2025 मध्ये त्यांनी तीन वर्षांची, जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसारांची (फार लांबच्या, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांची) मोजणी जाहीर केली. ती सूक्ष्मलहरी आणि सुपरनोव्हांबरोबर जुळवली तर डार्क एनर्जी स्थिर नसून अलीकडे ओसरत असल्यासारखी दिसते. खात्री 2.8 ते 4.2 सिग्मा (हा निव्वळ योगायोग नाही याची खात्री मोजायचं माप), कोणता सुपरनोव्हा संच घेता त्यावर. शोध म्हणायला 5 लागतात. म्हणून माझे जुने सहकारी पेढे हातात धरून बसलेत, वाटत नाहीत.

पण यानं तुमचं 67-73 मिटत नाही बरं का! डार्क एनर्जी अशी ओसरती धरली तर टिपणवाल्यांचा आकडा वर सरकत नाही, उलट थोडा खालीच जातो. तो वर ढकलायचा तर बदल फार आधी, सूक्ष्मलहरी सुटण्यापूर्वी व्हायला हवा. तेव्हा काही काळ एक जादा ऊर्जा होती असं मानलं तर ध्वनिलहरी कमी लांब जातात, म्हणजे टिपणातली साखळीच थोडी आखूड होती असं निघतं आणि आजचा आकडा वर येतो. अशी मॉडेलं लोकांनी मांडलीत. त्यांची दुसरीकडे कुठेतरी शिवण उसवते, म्हणून ती अजून कुणाला पूर्ण पटलेली नाहीत.

म्हणजे तुमच्याकडे एक ओढा होता, इथे दोन असू शकतात.

---

औंढ्याचा_मास्तर

वा, सकाळचा चहा गार झाला वाचता वाचता.

आमच्या हिंगोली जिल्ह्याचा संबंध येतो म्हणून लिहितो. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा एकमेकींना काटकोनात. केंद्राची मंजुरी एप्रिल 2023 मध्ये मिळाली, खर्च सुमारे 2600 कोटी. इथं लोक नागनाथाला येतात आणि मला विचारतात, मास्तर, ती दुर्बीण कधी दिसणार. मी सांगतो ती दुर्बीण नव्हं, तो कान आहे.

या कानाला साखळीवर साखळी अशी शिडीच लागत नाही. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत कोसळले की गुरुत्वलहरी येतात आणि त्या लहरीच्या आकारातच अंतर लिहिलेलं असतं. सेफीड नको, सुपरनोव्हा नको. कुठल्या दीर्घिकेतून आली ते प्रकाशावरून ओळखलं की वेगही मिळाला. 17 ऑगस्ट 2017 ला असं घडलं, दीर्घिका एनजीसी 4993, अंतर 13 कोटी प्रकाशवर्षं. त्यावरून आकडा आला 70.

हरखू नका. फरकाची मर्यादा 62 ते 82 होती, म्हणजे दोन्ही पक्षकार खूश. अशी, प्रकाशासकट सापडलेली घटना आजवर ती एकच. कान जास्त झाले की आवाज नेमका कुठून आला ते कळतं, म्हणून आमच्या औंढ्याचा उपयोग.

---

ध्रुवबाळ

म्हणजे तिसरा मोजणीदार हिंगोलीचा. काका, आता तुमच्या खात्यातून एखादा ईटीएसवाला (इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्रवाला) पाठवा.

---

सोळा_आणे

ध्रुवबाळ, ईटीएस आलं तेव्हा माझी पाचच वर्षं राहिली होती. पोरं बटण दाबून मोकळी होतात. पण तिचाही शून्य तपासावा लागतो, आणि तो तपासत नाही तो फसतो.

त्यावरूनच मघाताईंना एक शेवटचं विचारतो. 70-120-60 चा हिशेब मी वहीत मांडून नातवाला दाखवला. तो म्हणाला, हे मला माहीतच होतं. असो. तिसरी साखळी दुसरीवर, दुसरी पहिलीवर, आणि पहिली त्या सहा महिन्यांच्या त्रिकोणावर, एवढं समजलं. मग त्या पहिल्या त्रिकोणाचं यंत्र कशावर ताणून पाहतात? आमच्या कचेरीत ओट्यावर खूण होती. आभाळात ओटा कुठला?

---

मघा

काका, पीएचडीच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर घाम फुटला असता.

ओटा आहे. ते त्रिकोण गाया नावाच्या उपग्रहानं मोजले, 2025 च्या सुरुवातीपर्यंत तो निरीक्षणं करत होता. क्वेसार इतके लांब असतात की सहा महिन्यांनी पाहिलं तरी त्यांची जागा तसूभरही हलायला नको. त्यांच्या त्रिकोणाचं उत्तर शून्यच यायला हवं. गायाला ते शून्य आलं नाही, किंचित उणे आलं, एका विकलेच्या (अंशाच्या 3600 व्या भागाच्या) कोटीभागांत साधारण 170. म्हणजे यंत्राची चूक तेवढी, ती वजा करून घ्यायची. भानगड अशी की ही चूक ताऱ्याच्या तेजाप्रमाणे आणि रंगाप्रमाणे थोडी बदलते. क्वेसार मंद आणि निळसर, सेफीड तेजस्वी आणि पिवळसर. त्यामुळे एकाची खूण दुसऱ्याला लावताना जपावं लागतं, आणि 73 वाले तो फरक आपल्या हिशेबात वेगळा काढून घेतात.

---

सोळा_आणे

उणे आलं म्हणजे ओट्यावर ताणल्यावर साखळी खुणेपल्याड गेली. आणि ओटा एका रंगाचा, शेत दुसऱ्या रंगाचं.

आमच्याकडे उन्हाळ्यात असंच व्हायचं. सकाळी सावलीत ताणलेली साखळी आणि दुपारी बाराला काळ्या रानातली साखळी एक नसायची. साहेब लोक हसायचे, पण मी वहीत मोजणीची वेळ लिहून ठेवत असे. त्या वह्या माळ्यावर आहेत, उद्या काढतो.